एकेचाळीस जणांनी ऐकलेलं

प्रिय वासंती,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर न पाठवता घरी पाठवतेय, तेही रजिस्टर्ड. ऑफिसात टपाल आधी तुझे कारकून फोडतात आणि मग तुझ्यासमोर ठेवतात, हे तूच मला एकदा कौतुकानं सांगितलं होतंस. फोनही केला असता, पण मागच्या वेळी बोलताना मध्येच कोणीतरी खोकलं आणि तो खोकला काही तुझा नव्हता. तू म्हणालीस, टीव्ही चालू आहे. असेल बाई टीव्ही. मी जन्माची शंकेखोर, तुला काय नवीन सांगायचं? बाजारात मासेवाली दोन रुपये आपणहून कमी करायला लागली तर मी आधी माशाचा कल्ला उघडून बघते. एकत्र नोकरीला होतो तेव्हा तू या स्वभावाला हसायचीस, म्हणायचीस, विले, तू लग्नात नवऱ्याच्याही सह्या तपासून घेशील. तपासल्या होत्या, ते सोड.

शाळेच्या अमृतमहोत्सवाची पत्रिका मिळाली. प्रमुख पाहुण्या आणि स्मरणिकेच्या प्रकाशिका म्हणून तुझं नाव लाल अक्षरांत छापलंय, त्याखाली 'जिल्हा शिक्षण अधिकारी' आणि सगळ्यात खाली हेडमाषांचं नाव, मुंगीएवढं. ते बिचारे पंधरा दिवस झोपलेले नाहीत. भिंतींना रंग दिला, विहिरीला जाळी बसवली, आणि परवा मला येऊन विचारतात, "विलासिनी टीचर, मॅडमना पुट्टू आवडतो की इडिअप्पम?" म्हटलं, ती काहीही खाते, फक्त तिच्या पानातलं कोणी उचलू नका. ही सगळी धांदल महिनाभर चालली, तरी तू मला एका शब्दानं कळवलं नाहीस. म्हणून पुढं जे घडलं त्यात पहिला संशय मी तुझाच घेतला. रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच.

स्मरणिकेचं काम माझ्या नववीच्या वर्गाकडे आहे. पुढच्या वर्षी मी निवृत्त, तेव्हा जाता जाता एक धड काम करून जावं म्हणून मीच मागून घेतलं. जुने फोटो आणि मान्यवरांचे आशीर्वाद छापायला छापखाना पुरेसा आहे, त्याला मुलं कशाला हवीत? मी मुलांना म्हटलं, आपल्या पुळक्करा गावात 'सगळ्यांना माहीत असलेल्या' गोष्टी गोळा करा, आणि एकेक तपासा. वहीत तीन रकाने आखायचे. पाहिलं, ऐकलं, वाटलं. जो जे सांगेल ते त्याच्या रकान्यात, आणि 'ऐकलं' म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न, कोणाकडून? ही माझी जुनीच पद्धत. खरं तर माझीही नाही, माझ्या अच्छनची, वडिलांची. ते विड्या वळायचे त्या शेडमध्ये एक जण मोठ्यानं पेपर वाचायचा आणि त्याच्या वाटणीच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. वाचणारा जरा रंगात आला की कोपऱ्यातून आरोळी यायची, "हे कोण म्हणतो? तो तिथं होता का?" तिथं होता का, हे कळल्याशिवाय वाचन पुढं सरकायचं नाही. शाळा न शिकलेली माणसं ती. मी बी.एड. केलं, पण याहून मोठं मला तिथं कोणी काही शिकवलं नाही.

मुलांनी तर धमाल उडवून दिली. शाळेची घंटा इंग्रजांच्या बुडालेल्या जहाजावरची आहे, हे तू-मीही किती वर्षं मुलांना सांगत आलो! दोन पोरं शिडी लावून चढली, घंटेच्या कडेखालची काजळी खरवडली, तर आत तालुक्याच्या गावातल्या ओतकाराचं नाव आणि साल. शाळा सुरू झाली त्याच वर्षीचं. ज्या नाणू आजोबांनी जहाजाची गोष्ट पसरवली होती ते काठी घेऊन शाळेत आले. "माझ्या तोंडावर मला खोटं पाडता? तुमच्या मास्तरणीला बोलवा!" मी गेले. मुलांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही जहाज पाहिलं होतं?" आजोबा बराच वेळ पाणी प्यायले आणि म्हणाले, "माझ्या मामानं पाहिलं होतं." लगेच वहीत 'ऐकलं, मामाकडून.' मी हसू दाबत उभी होते. वासंती, त्या दिवशी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की आता दृष्ट काढावी की काय असं झालं.

आणि मग प्रश्नपेटीत ती चिठ्ठी निघाली. आठवड्याच्या शेवटी मी पेटी उघडून चिठ्ठ्या मोठ्यानं वाचते, नाव लिहायची सक्ती नसते. तिसरी चिठ्ठी उघडली. 'कुंजिरामन माषांनी गणिताचा पेपर फोडला, हे कोणी पाहिलं?' मी ती वाचली नाही. घडी केली आणि साडीच्या कनवटीला खोचली. म्हटलं, ही कोरीच आहे. तीस वर्षांत शाळेत बोललेलं ते माझं पहिलं खोटं असेल, असं मी त्या क्षणी मनाशी म्हणाले. बघ, तेही खोटंच निघालं.

त्यानंतरचे दहा दिवस मी काय काय केलं ते लिहितानाही लाज वाटते. आधी वाटलं, हे काम त्या नव्या जितीन सरचं. पोरगेला मास्तर, संध्याकाळी वाचनालयात कॅरम खेळायला जातो, आणि तिथं खिडकीजवळच्या बाकावर आपले जुने गणिताचे मास्तर, कुंजिरामन माष, रोज पेपरातली आकड्यांची कोडी सोडवत बसलेले असतात. त्यांनीच याला पढवलं असणार. मी दोनदा मुद्दाम वाचनालयात जाऊन मासिक चाळत बसले. दोघं एकमेकांशी बोलले ते इतकंच, "माष, पंखा वाढवू?" आणि "नको." मग वाटलं, हेडमाष. मला स्मरणिकेतून काढायला त्यांना निमित्त हवंय. मग सरळ वाटलं, तू. पाहुणी म्हणून यायच्या आधी विलासिनीचं तोंड बंद आहे ना, हे कोणाकरवी तरी चाचपून बघतेयस. शेवटी चोर पकडायला मी नववीला शुद्धलेखन घातलं. नववीला, ऐन स्मरणिकेच्या घाईत! उताऱ्यात 'गणित', 'पेपर' आणि 'पाहिलं' हे शब्द येतील असा बेत केला आणि चिठ्ठी पदराआड धरून एकेकाचं अक्षर ताडत बाकांमधून फिरायला लागले. दुसऱ्या ओळीलाच मागच्या बाकावरची फर्सीना उभी राहिली. "टीचर, चिठ्ठी माझी आहे. शुद्धलेखन कशाला घालताय, विचारायचं होतंत ना."

ही फर्सीना म्हणजे चार वर्षांपूर्वी गावात आलेल्या कुटुंबातली मुलगी. बाप रिक्षा चालवतो. कुंजिरामन माषांशी नातं नाही, ओळख नाही, तो सगळा प्रकार झाला तेव्हा तिचा जन्मही नव्हता. तरी मला पटेना. मी तिला व्हरांड्यात नेऊन विचारलं, "तुला कोणी पाठवलं?" म्हणाली, "कोणी नाही." मी म्हटलं, "खरं सांग, मी रागावणार नाही." तर म्हणते, "टीचर, तुम्ही रागावलेल्याच आहात." संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन थडकले. तिच्या आईनं पत्तिरी आणि मटण वाढलं, आणि मी घास घेता घेता आडून आडून चौकशी करतेय, घरी कोण येतं, कोण जातं. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "टीचर, तिनं तुम्हालाही काही विचारलं वाटतं! अहो, परवा माझ्या जावेला भर पंगतीत विचारलं, तुमचा नवरा दुबईत मॅनेजर आहे हे तुम्ही पाहिलंय का? जाऊ आमच्याशी बोलत नाही. हे सगळं तुमच्या त्या तीन रकान्यांचं!"

तिची वही मी तिथंच बघितली. जुन्या शिक्षकांची यादी करताना तिला एका नावापुढे काहीच लिहिलेलं दिसलं नाही, सत्कार नाही, निरोप समारंभाचा फोटो नाही. तिनं कारण विचारलं, तर 'त्यांनी पेपर फोडला, सगळ्यांना माहीत आहे.' मग ती सगळ्यांकडे गेली. एकेचाळीस माणसं, वासंती! चहावाला, पोस्टमन, निवृत्त शिपाई, वाचनालयाची कमिटी. एकेचाळीसच्या एकेचाळीस जण 'ऐकलं'मध्ये. 'पाहिलं'चा रकाना कोरा. आणि 'कोणाकडून'च्या रकान्यात, फिरून फिरून, कोणी एका पायरीनं तर कोणी चार पायऱ्यांनी, शेवटी एकच नाव. माझं. फर्सीना शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "पाहणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात टीचर. म्हणून आधी तुम्हाला विचारलं. तेव्हा तुम्ही कुठं उभ्या होतात?"

मी काय म्हटलं असेन? "मोठ्यांच्या भानगडीत नाक खुपसू नकोस. स्मरणिका आनंदाची असते." हात धुतले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी ती वर्गात नेहमीसारखीच होती, रुसवा नाही, फुगवा नाही. पण आठवड्याच्या शेवटी पेटी उघडली तर एकही चिठ्ठी नाही. माझ्या पेटीत कधी वीसच्या खाली चिठ्ठ्या नसतात. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. कोणी काही बोललं नव्हतं, कोणी कोणाला पढवलं नव्हतं. मुलांना फक्त कळलं होतं, की या टीचरना काही प्रश्न चालतात आणि काही चालत नाहीत. तीस वर्षं घासून जे उभं केलं ते एका वाक्यानं आडवं झालं गं. मी स्टाफरूममध्ये जाऊन रडले. जितीन सरनं पाणी आणून दिलं, आणि मी मेली तेव्हाही मनात म्हटलं, हा इतका गोड का वागतोय?

त्याच संध्याकाळी एक गोष्ट लख्ख कळली. इतके दिवस मी 'हे कोणी विचारलं, का विचारलं, मागं कोण आहे' एवढंच शोधत होते. 'हे खरं आहे का' असं मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. आणि हीच बाई मुलांना विचार करायला शिकवते म्हणे!

तर आता तो दिवस. तू विसरली नसशील, तरी मी मला आठवतं तसं लिहिते. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या पेपरांची पाकिटं ऑफिसशेजारच्या खोलीतल्या कपाटात होती. तेव्हाचे हेडमाष रजेवर गेलेले. गणिताच्या पाकिटाचं सील तुटलेलं सापडलं आणि तिकडे कुंजिरामन माषांच्या घरच्या शिकवणीतल्या मुलांनी तसलीच गणितं आदल्या आठवड्यात केलेली निघाली. सगळ्या शाळेत कुजबुज. दुपारी तू मला विहिरीपाशी गाठलंस. तुझा हात गार पडला होता, तो मला अजून आठवतो. म्हणालीस, "विले, मी पाहिलं. गेल्या सोमवारी पेजेच्या सुट्टीत माष कपाट उघडत होते. पण मी अजून कायम झालेली नाही, मी बोलले तर माषांची माणसं माझी नोकरी घालवतील. तू कायम आहेस. तू सांग ना, मी पाहिलं म्हणून. पाहिलंय हे तर खरंच आहे, मग तुझे डोळे काय नि माझे डोळे काय!" मला ते पटलं. मैत्रिणीच्या शब्दावर काय शंका घ्यायची? जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या मी तेवढ्या एका गोष्टीवर घेतली नाही. चौकशी अधिकाऱ्यापुढं उभी राहून मी म्हणाले, मी स्वतः पाहिलं. खाली सही केली.

माष निलंबित झाले, मग डोंगरावरच्या शाळेत बदली. हेडमाष व्हायचे होते, ते राहिलं. वाचनालयाचे ते वीस वर्षं सेक्रेटरी होते, त्यांचं नाव फळ्यावरून पुसलं. आता त्याच वाचनालयात ते वाचक म्हणून बसतात, आणि कमिटीची बैठक सुरू झाली की उठून जातात. हे मी रोज येता-जाता बघते. 'पाहिलं' या रकान्यात माझ्याकडे लिहायला जर काही असेल, तर ते एवढंच आहे.

काल मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, देवकी चेचीनं, दार उघडलं, बस म्हणाली नाही, चहा विचारला नाही. मला बरंच वाटलं. माष अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "माष, मी पाहिलं नव्हतं." ते सुपाऱ्या पसरवतच होते. म्हणाले, "ठाऊक आहे. तू तेव्हा मागच्या पडवीत पेज वाढत होतीस. मी सातवीच्या खोलीत वह्या तपासत बसलो होतो, खिडकीतून तू दिसत होतीस. दोनशे पोरांच्या ताटात तू तुझ्या हातानं पेज वाढलीस. चौकशीला आलेल्या शहाण्यांना पोरांना विचारायचं सुचलंच नाही." मी म्हटलं, "मग तुम्ही का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "सांगितलं होतं की. लिहून दिलं होतं. आरोपीचं कोण वाचतो?" आणि ती शिकवणीतली गणितं? तर म्हातारा हसला, वासंती. "मी पंधरा वर्षं तीच गणितं घालत होतो. पेपर काढणाऱ्यालाही दुसरी सुचत नव्हती, त्याला मी काय करू?" मी पाय धरायला वाकले तर मागं सरकले. "ते नको," म्हणाले. "जिथं बोललीस तिथं जाऊन बोल. माझ्या अंगणात बोलून काय उपयोग?" मी फाटकापाशी पोचले तेव्हा देवकी चेचीचा आवाज मागून आला, "माझ्या मुलीची सोयरीक मोडली तेव्हा कुठं होतीस गं?"

आज सकाळी नववीच्या वर्गात मी फळ्यावर तीन रकाने आखले आणि स्वतःचं नाव 'ऐकलं'मध्ये लिहिलं. चौकशीत मी खोटं बोलले, हे मी त्यांना त्याच शब्दांत सांगितलं. तसं पत्रही लिहून हेडमाषांच्या टेबलावर ठेवलंय, आता माझ्या निवृत्तिवेतनाचं काय व्हायचं ते होवो. फर्सीना उठली. मला वाटलं, आता ही काहीतरी जिंकल्यासारखं बोलणार. ती म्हणाली, "टीचर, कोणाकडून ऐकलंत?" माझ्याच वर्गात, माझाच प्रश्न. मी तुझं नाव सांगितलं. तिनं ते वहीत लिहिलं आणि खाली बसता बसता म्हणाली, "मग त्यांना विचारायला हवं, त्यांनी पाहिलं होतं का." नुसतं 'का', वासंती. आवाजात आरोप नव्हता.

माझ्या मनात मात्र आहे. कपाटाची किल्ली हेडमाष रजेवर जाताना तुझ्या खणात ठेवून गेले होते. तुझा धाकटा भाऊ सजीवन त्याच वर्षी दहावीला होता, आणि गणितात रखडणारा तो पोरगा पूर्वपरीक्षेत एकदम ब्याण्णव गुण घेऊन बसला. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. इतकी वर्षं मी त्या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवल्या नाहीत, कारण ठेवल्या असत्या तर मला एकच मैत्रीण होती तीही गेली असती. कदाचित तू खरंच माषांना पाहिलं असशील. कदाचित दुसऱ्याच कोणाला पाहिलं असशील आणि घाबरली असशील. मला माहीत नाही. मला फक्त संशय आहे, आणि संशयाला त्या तीन रकान्यांत 'वाटलं' याच्यापलीकडे जागा नाही.

म्हणून हे पत्र. रविवारी तुझं भाषण झालं की मुलांपैकी तिघं पाहुण्यांना प्रश्न विचारतील, तशी आपल्या शाळेची रीत आहे. हेडमाषांनी 'मॅडमना बरं वाटेल असे' प्रश्न लिहून दिले होते, ते मी मुलांना परत करायला लावले. तिसरा प्रश्न फर्सीनाचा आहे. 'त्या दुपारी तुम्ही कुठं उभ्या होतात आणि काय पाहिलंत?' माष पहिल्या रांगेत बसलेले असतील, मी स्वतः त्यांना आणायला जाणार आहे. मी त्या मुलीला थांबवलं नाही, थांबवणारही नाही. पण तू मला विहिरीपाशी गाठलंस तेव्हा तुझा हात गार होता, आणि तो मी तेव्हा नीट धरला नाही, नुसती मान डोलावली. त्या हातासाठी, सहा दिवस आधी, आयुष्यात पहिल्यांदा मी पेपर फोडतेय. उत्तर तुझं तूच लिही. फक्त आजारी पडू नकोस, ये.

तुझीच,
विलासिनी